आधी पावती, मग पंख

अर्धवट बांधलेलं विमान विकत घ्यायला जाणाऱ्याने आधी पंख बघू नयेत. इंजिनवर हात फिरवू नये. आधी पावती मागावी. एक नाही, सगळ्या. किट बनवणाऱ्या कंपनीपासून आज विकायला बसलेल्या माणसापर्यंतच्या. त्यातली एकही गहाळ असेल तर ती मिळेपर्यंत पैसे खिशातच ठेवावेत.

मालवणजवळच्या देवबागला बसून विमानाच्या कागदांवर कशाला लिहायचं, असं कुणी विचारेल. कर्लीच्या खाडीपलीकडे चिपीची धावपट्टी आहे. ९ ऑक्टोबर २०२१ पासून तिथे प्रवासी विमान उतरू लागलं आणि विमान ही मुंबईची गोष्ट राहिली नाही. दुसरं कारण अधिक जवळचं आहे. या चिंचोळ्या गावात, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला दर्या घेऊन राहणारी माणसं होड्या बांधतात, विकतात, विकत घेतात. माणसाने हाताने बांधलेलं वाहन एका हातातून दुसऱ्या हातात जाताना कागदाचं काय होतं, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आधी किट म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात १९७३ साली रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. तिच्या किटमधून लोकांनी घरी बांधलेली ११ हजारांहून अधिक विमानं आजवर उडाली. कंपनी कापलेले, भोकं पाडलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, रिव्हेट, नळ्या आणि नकाशे पेट्यांत भरून पाठवते. बांधायचं आपण, गॅरेजमध्ये. सगळं एकदम घ्यावं लागत नाही. आधी शेपटी, मग पंख, मग धड, मग शेवटचं साहित्य, असे टप्पे असतात. इंजिन दुसऱ्या कंपनीचं, पंखा तिसरीचा, उपकरणं चौथीची. आपल्याकडेही हा प्रकार नवा नाही. बेंगळुरूच्या राज हंस अल्ट्रालाइट्सने एक्स-एअर नावाची हलकी विमानं किटच्या रूपात परदेशी पाठवली आहेत.

असं विमान बांधायला वर्षं जातात. वर्षांत माणसाचं आयुष्य बदलतं. नोकरी जाते, आजार येतो, पैसे संपतात, बांधणारा मरण पावतो. मग गॅरेजमध्ये शेपटी पूर्ण, एक पंख अर्धा आणि बाकीच्या पेट्या न फोडलेल्या, अशा अवस्थेत विमान विकायला निघतं. नव्या किटपेक्षा बरंच स्वस्त मिळतं. इथेच घेणारा फसतो. त्याला वाटतं, आपण विमान घेतलं. कायद्याच्या नजरेत त्याने काही पेट्या घेतलेल्या असतात. त्या पेट्यांचं विमान व्हायचं तर आधी त्या त्याच्याच आहेत हे सिद्ध व्हावं लागतं.

कारखान्यात तयार झालेल्या विमानाला जन्मापासून ओळख असते. कारखान्याची पाटी असते, अनुक्रमांक असतो, पहिल्या विक्रीचा दस्त असतो. घरी बांधलेल्या विमानाचा कारखानदार हा बांधणारा माणूसच. त्याने स्वतःहून नोंद ठेवली नाही तर त्याच्या वतीने ती कुणी ठेवत नाही. त्यामुळे अशा विमानाची मालकी कागदांच्या साखळीवरच उभी असते. कंपनीने पहिल्याला विकलं, पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने मला. प्रत्येक वेळी सही, तारीख आणि किटचा क्रमांक. मधली एक कडी निसटली की पुढचं सगळं लोंबकळतं.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, हे नियमातच लिहून ठेवलं आहे. हौशी बांधणाऱ्याला नोंदणीच्या अर्जासोबत मालकीचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यासाठी वेगळा नमुना आहे, क्रमांक ८०५०-८८. विमान किटचं असेल तर किट कंपनीचा विक्रीदस्त जोडायचा. अर्जदार पहिला खरेदीदार नसेल तर मधल्या प्रत्येक हस्तांतराचा दस्त जोडायचा. नियम कडक आहे, पण स्पष्ट आहे. काय हवं ते आधी कळतं. गॅरेजात विमान विकायला काढणाऱ्यालाही कळतं आणि घेणाऱ्यालाही.

त्याच देशाच्या कायद्यातली आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक हौशी माणसाने लक्षात ठेवावी. मालकीवरून वाद झाला तर नोंदणीचं प्रमाणपत्र हा मालकीचा पुरावा मानला जात नाही. नोंदणी विमानाचं राष्ट्रीयत्व सांगते. १९४४ च्या शिकागो करारात तसंच ठरलं आहे. विमान ज्या देशात नोंदलं, त्या देशाचं, आणि एका वेळी एकाच देशात नोंदलेलं. आपल्या विमानांवर व्हीटी ही अक्षरं असतात ती त्यासाठी. मालकी वेगळी सिद्ध करायची असते. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून जमिनीवरचा हक्क पक्का होत नाही, मागे खरेदीखत लागतं, हे कोकणातल्या प्रत्येक घराला कोर्टाच्या खेपा घालून कळलेलं आहे. विमानाचं तेच.

आता महाराष्ट्रातलं उदाहरण घेऊ, कारण ते डोळ्यांसमोर घडलं आहे. साताऱ्याकडचे कॅप्टन अमोल यादव, पेशाने वैमानिक. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. किट नव्हतं, आराखडाही त्यांचाच. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. गच्चीवरून ते सुटं करून क्रेनने खाली उतरवावं लागलं होतं. त्या विमानाची नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडला. व्हीटी-एनएमडी हे नाव मिळालं. तरीही ते उडू शकत नव्हतं. उड्डाणाची परवानगी हा वेगळा कागद, तो ऑक्टोबर २०१९ मध्ये हाती आला. चाचणीचं उड्डाण धुळ्याला झालं ते त्यानंतर, २०२० मध्ये.

या तारखा एकाखाली एक लिहून बघा. विमान लोकांना दाखवलं, त्यानंतर पावणेदोन वर्षांनी नोंद. नोंद झाल्यावर जवळपास दोन वर्षांनी परवानगी. यादव पहिले मालक, पहिले बांधणारे, स्वतः हजर. मालकीची साखळी एकाच कडीची. तरीही इतका काळ. मग कल्पना करा, रत्नागिरीतल्या एखाद्या तरुणाने परदेशातल्या नातेवाइकाकडून तिसऱ्या हाताचं किट आणलं तर त्याचं काय होईल? त्याच्याकडे विचारायला पहिला मालक नाही. पहिल्या मालकाकडे पावत्या नाहीत. फाइल टेबलावर पडून राहील आणि त्यात अधिकाऱ्याचा दोष काढता येणार नाही. कोऱ्या जागेवर सही करायला कुणाचाही हात धजावत नाही, धजावूही नये.

हे आमच्या होड्यांकडे बघून सांगतो. होडीचा सौदा किनाऱ्यावर होतो. सांगाडा ठोकून बघतात, लाकूड कुठे कुजलंय का, फायबरला तडा आहे का, इंजिन किती तास चाललंय. कागदाचा विषय निघाला की ठरलेलं वाक्य येतं. “अरे, होडी तर बघ आधी. कागदांचा काय ता मागसून बघूया.” सांगाडा एकाचा, इंजिन दुसऱ्याकडून घेतलेलं, जाळं तिसऱ्याचं. पैसे रोख. आणि ‘मागसून’ कधी येत नाही.

मग मे महिना येतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलं, होड्या आदळल्या, फुटल्या. अशा वेळी पंचनाम्याला आलेला माणूस होडीवरचा क्रमांक बघतो आणि क्रमांक ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव लिहितो. डिझेलवरच्या कराचा परतावा, विमा, सोसायटीचं कर्ज, सगळं त्या नावाला चिकटलेलं असतं. होडी ज्याने पैसे मोजून घेतली, ज्याने दर्यात घातली, तो त्या कागदावर नसतो. विकणारा भला असेल तर सही द्यायला येतो. विकणारा वारला असेल तर त्याच्या चार वारसांच्या दारात उभं राहावं लागतं. त्यातला एक मुंबईला, एक दुबईला, एक बोलायलाच तयार नाही.

होडीची नोंद इतकी काटेकोर झाली यामागे मोठं दुःख आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्लेखोरांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका समुद्रात ताब्यात घेतली आणि तिच्यातून ते मुंबईच्या किनाऱ्याजवळ आले. त्यानंतर नौकांची देशभर एका पद्धतीने नोंद, राज्याप्रमाणे रंग, खलाशांना ओळखपत्रं, असं सगळं आलं. कोणतं वाहन कुणाच्या ताब्यात आहे, हे राज्याला ठाऊक असणं ही जिवाची गोष्ट आहे, हे तेव्हा सगळ्यांना पटलं. हवेतल्या वाहनाला तर हे अधिकच लागू पडतं. विमान कुणाच्या घरावर पडलं, तर त्या घराने दाद कुणाकडे मागायची? ज्याचं नाव कागदावर आहे त्याच्याकडे. म्हणून त्या नावाला किंमत आहे.

आता घेणाऱ्याशी सरळ बोलतो.

वस्तूविक्रीचा आपला कायदा १९३० चा आहे. त्याचं कलम २७ प्रत्येकाने ध्यानात धरावं. विकणाऱ्याकडे जितका हक्क आहे, त्याहून चांगला हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. किटवर कुणाचं कर्ज असेल, ते भागीदारीत घेतलं असेल, घटस्फोटात वाद चालू असेल, तर तुम्ही कितीही प्रामाणिकपणे पैसे दिले तरी तो वाद तुमच्या अंगणात येतो. कायद्याने काही अपवाद ठेवले आहेत, पण अपवादाच्या भरवशावर लाखोंचा व्यवहार करू नये.

स्टँपपेपरवर करार केला, नोटरी केली, म्हणजे झालं, ही आपल्याकडची दुसरी समजूत. नोटरी बघतो की समोर बसून सही करणारा हाच तो माणूस आहे का. ती वस्तू त्याच्या मालकीची आहे का, याची हमी नोटरीचा शिक्का देत नाही. त्या शिक्क्यामागे मूळ पावत्या असतील तरच त्याला वजन.

शेपटीची पावती वेगळी, पंखांची वेगळी, धडाची वेगळी मागा, कारण खरेदी वेगवेगळ्या वर्षी झालेली असते, कधी वेगवेगळ्या माणसांकडून. किटचा अनुक्रमांक प्रत्येक कागदावर तोच आहे का ते बोट ठेवून वाचा. इंजिनाचा आणि पंख्याचा क्रमांक स्वतः धातूवर वाचून घ्या, त्यांची नोंदवही त्यांच्यासोबत घ्या. विकणाऱ्याचं नाव पावतीवर जसं आहे तसंच करारावर लिहून घ्या. पावतीवर आद्याक्षरं आणि करारावर पूर्ण नाव, एवढ्याशा फरकानेही फाइल परत येते, हे शाळेच्या दाखल्यापासून आपण सगळे भोगत आलो आहोत. मूळ मालक हयात नसेल तर आधी वारसांचा कागद, मग पैसे. किट कंपनीला पत्र लिहा, तुमच्या वहीत हा क्रमांक कुणाच्या नावावर आहे, आणि तो माझ्या नावावर करायला काय लागतं ते विचारा. कंपनी चालू आहे तोवर हे करून घ्या. व्हॅन्ससारख्या कंपनीनेही डिसेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरी कायद्याच्या संरक्षणासाठी अर्ज केला होता. ती सावरली. प्रत्येक कंपनी सावरेलच असं नाही, आणि बंद पडलेल्या कंपनीच्या वह्या कुणाकडे मागायच्या?

परदेशातून आणत असाल तर तिथे ते विमान नोंदलं गेलं होतं का, हे त्या देशाच्या कार्यालयाकडून लेखी घ्या. नोंदलं असेल तर ती नोंद रद्द झाल्याचा दाखला हवाच, कारण एका वेळी दोन देशांची नोंद चालत नाही. कधीच नोंदलं नसेल तर तसंही लिहून घ्या. नुसत्या तोंडी ‘नाही’ला सरकारी टेबलावर किंमत नसते. आणि सीमाशुल्काच्या कागदावर मालाचं वर्णन नीट घाला. तिथे ‘धातूचे पत्रे व सुटे भाग’ असं मोघम लिहून माल सोडवला, तर पुढे ते पत्रे म्हणजेच हे विमान, हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही उरत नाही.

मालकीच्या कागदांइतकाच महत्त्वाचा आहे तो बांधणीचा रोजनामा. अमेरिकेत हौशी वर्गात विमान बसायचं तर त्याचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा आवड म्हणून बांधलेला असावा लागतो. लोक त्याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. हात बदलले तरी चालतात. पण पहिल्या हातांनी काय केलं, हे दाखवावं लागतं. कोणत्या तारखेला कोणता भाग जोडला, फोटो कुठे आहे, कुणी तपासला. रोजनामा नसेल तर पहिल्याने गाळलेला घाम हिशेबात धरला जाईलच याची खात्री नाही.

नियम बाजूला ठेवला तरी मुद्दा जिवाचा राहतो. पंखाच्या आतला कणा बंद झाल्यावर बाहेरून दिसत नाही. तिथले रिव्हेट नीट बसले आहेत का, गंज लागू नये म्हणून आत रंग मारला का, हे ज्याने ते काम केलं त्यालाच माहीत. दुसरा मालक त्या अनोळखी माणसाच्या हातांवर विसंबून आपल्या बायकोला, मुलाला शेजारी बसवून उडणार असतो. त्या विश्वासाला एकच आधार आहे, तो म्हणजे त्या माणसाने लिहून ठेवलेली वही.

नोंद न ठेवण्याची किंमत आपण महाराष्ट्राने एकदा मोजलेली आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईत चौपाटीवर विमान उडवलं असं आपण अभिमानाने सांगतो. त्यावर सिनेमाही आला. त्या उड्डाणाचा भक्कम समकालीन पुरावा मात्र कुणाला पुढे ठेवता आलेला नाही. तळपदे होते, त्यांचा ध्यास होता, ते काहीतरी बांधत होते. नेमकं काय बांधलं, ते कसं चाललं, कुठे अडलं, याची त्यांच्या हातची तारीखवार वही आज आपल्यापाशी असती तर त्यांच्या खऱ्या कामाला खरी जागा मिळाली असती. ती नाही, म्हणून एका बाजूला भाबडा गौरव आणि दुसऱ्या बाजूला हेटाळणी, आणि मधल्या मधे कष्ट करणारा माणूस हरवला. राइट बंधूंच्या वह्या, पत्रं आणि छायाचित्रं आहेत. म्हणून १७ डिसेंबर १९०३ या तारखेवर जग बोट ठेवू शकतं.

आता सरकारशी.

घेणाऱ्याने सगळं केलं तरी दार उघडायला तुम्ही हवेत. नव्वद वर्षं जुना १९३४ चा विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम आला, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. कायदा नवा आहे तर घरी बांधणाऱ्या नागरिकालाही त्यात सन्मानाची जागा द्या. हे तुम्हाला जमतं, हे तुम्ही दाखवलं आहे. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत प्रत्येक ड्रोनला स्वतःचा ओळख क्रमांक दिला आणि ड्रोन विकला की मालक बदलण्यासाठी एक नमुना दिला, डी-३. माफक शुल्क, अर्ज ऑनलाइन. तारकर्लीला पर्यटकांचे व्हिडिओ काढणारा पोरगासुद्धा तो भरू शकतो. जे हातात मावणाऱ्या यंत्रासाठी केलं, ते माणूस बसवून उडणाऱ्या यंत्रासाठी अधिक निकडीचं आहे.

मागणी मोठी नाही. अपुऱ्या किटची नोंद बांधणी सुरू होतानाच करून घ्या, विमान पूर्ण होण्याची वाट बघू नका. त्या नोंदीला क्रमांक द्या. किट विकलं तर त्या क्रमांकावर हस्तांतर होऊ द्या. बांधणीचा रोजनामा टप्प्याटप्प्याने पोर्टलवर चढवायची सोय द्या आणि पंख बंद होण्याआधी तपासणारा माणूस पाठवा. कोणते कागद लागतील त्याची एक यादी मराठीसह प्रत्येक भारतीय भाषेत छापा आणि त्या यादीबाहेरचा कागद मागू नका. अर्जावर किती दिवसांत उत्तर द्यायचं ते ठरवा, आणि नकार द्यायचा असेल तर कारण लिहून द्या. यात सुरक्षेची तडजोड एका रिव्हेटाइतकीही होत नाही. उलट आज जे कुणाच्या नजरेआड, शेडमध्ये, नोंदीविना बांधलं जाईल, ते उजेडात येईल.

विकणाऱ्यालाही एक सांगणं आहे. तुमचं स्वप्न अपुरं राहिलं, त्याचं दुःख मोठं आहे. ते पुरं करायला दुसरा कुणी पुढे आला आहे, हे भाग्य समजा आणि त्याला रिकाम्या हाती पाठवू नका. पावत्या शोधा. कपाटात, जुन्या ईमेलमध्ये, कंपनीच्या खात्यात. सापडल्या नाहीत तर कंपनीकडून नक्कल मागवा. रोजनामा द्या, फोटो द्या, जिथे चूक झाली असं वाटतं तिथेही खूण करून द्या. पेटीसोबत ही फाइल देणं हा विक्रीचाच भाग आहे.

देवबाग-तारकर्लीतल्या, मालवणातल्या पोरांनी उद्या विमान बांधावं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्याकडे हात आहेत. बापजाद्यांनी लाटेत टिकणारे सांगाडे बांधले, इंजिनं खोलली, जोडली. ते कसब पत्र्यालाही लागू पडेल. त्यांना मी एवढंच सांगेन की किटची पहिली पेटी फोडायच्या आधी एक वही आणि एक फाइल विकत आणा. वहीत रोजचं काम, फाइलमध्ये प्रत्येक पावती. हे काम विमान बांधण्याच्या आधीचं किंवा नंतरचं नाही, ते विमान बांधणंच आहे. आणि ज्या दिवशी विकायची वेळ येईल, त्या दिवशी ती फाइल आधी पुढे करा, पेट्या नंतर दाखवा.